मखर, रेव्हिजन एफ : कामाच्या नोंदी

१४ एप्रिल २०२५, सोमवार

सुट्टी होती म्हणून सकाळीच निगडीला आले आणि माळा रिकामा केला. मखराचे भाग सहा : चौरंग, पाठ, डावी बाजू, उजवी बाजू, कमान, छत. पाच धड आहेत. उजवी बाजू गेली. गच्चीच्या कोपऱ्यातून मागच्या पावसाळ्यात झिरपलेलं पाणी नेमकं तिच्यावर उतरलंय. खालच्या टोकाला प्लायचे थर सुटून फुगलेत, बोटाने दाबलं की भुसा निघतो.

गेल्या वर्षी गणपतीत बाबांचं वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे मूर्ती नुसत्या पाटावर बसवली, आरास नाही. यंदा आईने पाडव्यालाच सांगून टाकलंय : मखर हवं, आणि तेच हवं.

काम कुठवर करायचं ते आत्ताच लिहून ठेवते, घरच्या कामाला कुंपण नसतं. बाबांची ड्रॉइंग शोधायची, स्कॅन करायची, कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, घ्यायची. खराब भाग नवा करायचा. २६ ऑगस्टला हरतालिका; त्या रात्री मखर उभं असलं पाहिजे. दादाला श्टुटगार्टला फोटो पाठवले. अरेरे नाही, काही नाही, थेट प्रश्न आला : "ड्रॉइंग कितवं रेव्हिजन आहे?" म्हणजे सुधारलेली आवृत्ती कितवी.

२० एप्रिल, रविवार

सापडली. कपाटाच्या डोक्यावर, चार इंची पीव्हीसी पाइपमध्ये. दोन्ही टोकांना कॅप आणि वर स्केचपेनने एकच शब्द : घर.

पाइप रिकामा करताना एक गोष्ट लक्षात आली. बाबांनी सगळी नोकरी टूल डिझाइनला काढली, जिग आणि फिक्स्चर, म्हणजे मशिनवर माल नेमक्या जागी धरणारी साधनं, हेच आयुष्य. पण कंपनीचं एक ड्रॉइंगसुद्धा घरात नाही. एखादी फिकी पडलेली अमोनिया प्रिंट तरी असेल असं वाटलं होतं. नाही. ते कागद कंपनीचे, तिथेच राहिले. घरी आलं ते फक्त घराचं.

आणि घराचं किती आहे! न्हाणीघरातला आजीसाठीचा कठडा. आमचं अभ्यासाचं टेबल, पायांना ४० मिमी अंतरावर भोकं, म्हणजे आम्ही वाढू तसं टेबल वर. सुटा होणारा पाळणा. ओट्याला अडकवायची विळी. गॅस सिलिंडरची चाकाची बैठक. प्रत्येकाला ड्रॉइंग नंबर, पार्ट लिस्ट, मटेरियल. मखराच्या सात शीट असायला हव्यात, सहा आहेत. चौथी, कमानीची, नाही.

टायटल ब्लॉक, म्हणजे शीटच्या कोपऱ्यातली नावा-सह्यांची चौकट, मराठीत आहे. कंपनीत आयुष्यभर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिणाऱ्या माणसाने घरी देवनागरी लेटरिंग केलंय, त्याच ७५ अंशांच्या तिरकेपणाने. खाली तीन चौकटी. 'काढले' : बाबांची सही. 'तपासले' : आईची सही. 'मंजूर' : आजीची, थरथरत्या अक्षरात, सगळं नाव आडनावासकट.

आईला विचारलं, खरंच तपासायचीस का? म्हणाली, "मग? सही उगाच करत नव्हते. पहिल्या वेळी समई ठेवायला जागाच नव्हती. परत पाठवलं."

१ मे, गुरुवार

फिटरकाका आले होते. टूलरूममध्ये बाबांच्या बरोबर होते; लहानपणापासून आम्ही त्यांना हेच म्हणतो. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, चहा अजून बशीत. त्यांना बोलावलं ते मखर जोडायच्या पितळी पिनांबद्दल विचारायला, पण दुपार निघून गेली ती वेगळ्याच बोलण्यात.

बाबा १९७४ मध्ये सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल होऊन आले. तेव्हा पिंपरी-चिंचवड म्हणजे मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगाला कारखाने आणि मागे ज्वारीची शेतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची, एमआयडीसी १९६२ ची, त्यानंतर एकेक मोठं नाव येत गेलं. राहायला गावात भाड्याच्या दोन खोल्या, कामाला सायकल. हे मला माहीत होतं. जिगची गोष्ट माहीत नव्हती.

एका ब्रॅकेटला दोन भोकं पाडायचं ड्रिल जिग होतं. ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसणारा, पण सारखा नव्हे. तिसऱ्या पाळीला एका ऑपरेटरने पेटीभर माल उलटा बसवून पाडला. सगळा रिजेक्ट. सकाळी त्याला मेमो द्यायची तयारी झाली. बाबांनी जिग टूलरूममध्ये परत मागवलं आणि शॉपवाल्यांना सांगितलं की मेमो द्यायचा तर तो डिझाइनला द्या.

"रात्री तीनला माणूस चुकणारच, असं म्हणायचे साहेब. जिगने उलटा माल आत घेतलाच कसा, ते बघा. मग एक पिन टाकली. सहा मिलिमीटरची. उलटा ब्रॅकेट बसेचना."

ह्याला फूलप्रूफ पिन म्हणतात आणि तो टूल डिझाइनचा पहिल्या इयत्तेतला धडा आहे. कोणतीही वस्तू जागेवर पक्की करायला सहा टेकू पुरतात : खाली तीन, बाजूला दोन, टोकाला एक. तीन-दोन-एक म्हणतात त्याला. सहाच्या वर सातवा टेकू ठेवला तर जिग भांडायला लागतं. फूलप्रूफ पिन टेकू नव्हे, ती मालाला लागतसुद्धा नाही. उलट्या मालाला तेवढी आडवी येते.

काकांनी दुसरं सांगितलं ते मला जास्त आवडलं. जिग तयार झालं की बाबा ट्रायलला स्वतः उभे राहायचे. माल स्वतः चढवायचे, उतरवायचे. मग हातमोजे घालून. मग डाव्या हाताने, कारण त्या लाइनवर एक डावखुरा होता. बोटं क्लॅम्पखाली कुठे येतात ते बघायचे आणि तिथे कोपरा घासायला लावायचे. "ड्रॉइंगमधे नाही हे साहेब, असं मी म्हणायचो. म्हणायचे, आता टाकतो. आणि टाकायचे हो! त्याच दिवशी ट्रेसिंगवर."

बढती घेऊन बाहेरगावच्या नव्या प्लँटवर जायचं विचारलं होतं, तेही काकांकडूनच कळलं. आजीचं तेव्हा मोतीबिंदूचं चालू होतं, दादाची दहावी. बाबांनी नाही म्हटलं. घरी हा विषय कधी निघाला नाही. आईला माहीत होतं का, मी विचारलं नाही.

११ मे, रविवार

स्कॅनिंग. पेठेतल्या एका प्लॉटरवाल्याकडे रोल स्कॅनर आहे. ट्रेसिंग पेपर पारदर्शक, म्हणून मागे पांढरा कागद लावून घेतलं, नाहीतर रोलरच्या सावल्या येतात. ए-वन शीट, ५९४ बाय ८४१. चाळीस वर्षं गुंडाळलेला कागद ठिसूळ होतो. आठवडाभर दोन काचांमध्ये सपाट ठेवला होता. इस्त्री फिरवायचा सल्ला दोघांनी दिला. देवा.

स्कॅन ताणला जातो, हे लक्षात ठेवायचं. पडद्यावर मोजून कॅडमध्ये घ्यायचं नाही, लिहिलेलं माप वाचूनच रेघ काढायची. बाबांच्या प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात तशी तंबीच आहे : 'ड्रॉइंग मोजू नये, माप वाचावे.'

शीट दोन काचेवर धरून मागून दिवा लावला, तेव्हा कागदाचा इतिहास दिसला. रॉटरिंग पेनाची शाई ट्रेसिंगवरून रबराने जात नाही. अर्ध्या ब्लेडने खरवडायची, मग नखाने घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा, म्हणजे नवी शाई पसरत नाही. जिथे जिथे खरवडलंय तिथे कागद पातळ आहे आणि प्रकाश जास्त येतो. उंचीच्या मापाखाली तर एवढा पातळ की पलीकडचं बोट दिसतं. तिथे ११००, १३००, पुन्हा काहीतरी, असे आकडे एकावर एक बसलेत. रेघांच्या जाड्या मात्र शेवटपर्यंत सुटलेल्या नाहीत : बाह्यरेषा ०.५, लपलेली ०.३५, माप ०.२५. तपकिरी, पिवळी, पांढरी पेनं. पांढरं पेन आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, त्याची सुई वाकते.

२५ मे, रविवार

बाहेर पाऊस. मेमध्ये. दिवसभर घरात बसून रेव्हिजनचा तक्ता उतरवून काढला.

कोणत्याही ड्रॉइंगच्या कोपऱ्यात हा तक्ता असतो : रेव्हिजन, तारीख, बदल, सही. मी रोज असे तक्ते बघते, कुणी वाचत नाही. बाबांच्या तक्त्यात एक रकाना जास्त आहे. कारण.

मूळ ड्रॉइंग १९८३ चं. रुंदी ९००, खोली ६००, उंची ११००, सगळं मिमीत. कारण : 'कोणताही भाग कॉटखाली मावावा.' दोन खोल्यांच्या संसारात दुसरी जागा नव्हती.

रेव्हिजन ए, १९८६. समईपुढे १८० उंचीचा काढता येणारा कठडा. कारण : 'मुलगा रांगू लागला.' दादाला हा फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही, मग फक्त : "कठडा अजून आहे का?" आहे. माळ्यावर होता, वेगळ्या पिशवीत.

बी, १९९४. प्राधिकरणातल्या ह्या घरात आलो ते वर्ष. उंची १३००. कारण : 'भिंत मोठी.' ह्यात काही विशेष नाही, नव्या घराची हौस. (प्राधिकरण १९७२ चं, २०२१ मध्ये सरकारने ते बरखास्त केलं, पण इथले सगळे अजून प्राधिकरणातच राहतात.)

सी, २००१. चौरंगाला २०० मिमीचे पाय. कारण : 'आईचे गुडघे. खुर्चीत बसून आरती. डोळा जमिनीपासून १०८० (मोजले).'

मोजले. म्हणजे आजीला खुर्चीत बसवून, टेप धरून. मला तो दिवस आठवत नाही, पण आजी "अरे हे काय रे" म्हणाली असणार आणि बाबा "हलू नकोस" म्हणाले असणार. मूर्तीचे डोळे बरोबर त्या उंचीला येतात की नाही, हे चौरंगाची उंची, आसन आणि मूर्तीची बैठक मिळवून मी तपासलं. येतात.

डी, २०१२. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना आतून खाच, चौरंगाला तिच्या मापाची कड. खाचेत बसवली की बाजू आपली आपण उभी राहते. मग पाठ लावायची. त्याआधी एकाने बाजू धरायची आणि दुसऱ्याने पिन ठोकायची, अशी जोडणी होती. धरायला मी असायचे. २०१२ च्या मेमध्ये माझं लग्न झालं, दादा त्याआधीच जर्मनीला गेलेला. कारणाच्या रकान्यात लिहिलंय : 'जोडायला दुसरा माणूस नाही.'

त्या वर्षी गणपतीला मी आले तेव्हा मखर आधीच उभं होतं. मी म्हटलं, थांबायचं ना बाबा. ते म्हणाले, आता सोपं केलंय.

आज पुढे काम केलं नाही.

१ जून, रविवार

ई, २०१८. पाठीचा प्लाय १२ ऐवजी ९ मिमी. कारण : 'मला उचलवत नाही.' ह्या शीटवर 'मंजूर'च्या चौकटीत माझ्या लेकीने मोर काढलाय. चार वर्षांची होती. मोर चौकटीबाहेर जाऊन पार्ट लिस्टमधल्या स्क्रूंवर बसलाय आणि बाबांनी तो ब्लेडने खरवडलेला नाही, ह्याला मी मोठीच मुभा मानते.

त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली होती. तोवर गल्लीत बाबांच्या लाकडी मखराला जरा जुनाट म्हणायचे. त्या श्रावणात शेजारचे तिघं ड्रॉइंग मागायला आले. बाबांनी झेरॉक्स दिल्या, आणि बरोबर हेही बजावलं की तुमच्या मूर्तीचं माप घ्या, आमचं नको.

१५ जून, रविवार

मिस्त्री येऊन भाग बघून गेले. चांगला माणूस, हात हलका. नवीन बाजूला आयएस ७१० ह्या भारतीय मानकाचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्यायचं ठरलं. ओल पुन्हा येणार नाही ह्याची खात्री कोण देणार!

चौरंगाची पाहणी करताना मिस्त्री म्हणाले, "ताई, ही भोकं घासून लांबट झालीत. प्रत्येक जोडीत एक एक. बुजवून नवीन पाडतो, फिट्ट बसेल." मी शीट दोन उघडून दाखवली. भोक लांबटच काढलेलं आहे, ८ बाय १२, आणि शेजारी टीप : 'एक गोल, एक लांबट. लाकूड पावसात फुगते.'

चौरंगाची फळी सागाची, जोडून केलेली. साग कमी हलतो, पण हलतो. दोन पिनांमधल्या ४०० मिमीत भाद्रपदाच्या हवेत तंतूंच्या आडव्या दिशेने एक-दोन मिलिमीटर सहज वाढतो. वर बसणारी बाजू प्लायची, ती जवळजवळ वाढतच नाही. दोन्ही भोकं गोल ठेवली असती तर उन्हाळ्यात चपखल बसलेलं मखर ऐन चतुर्थीला बसलंच नसतं. गोल भोकाने जागा ठरते, लांबट भोकाने दिशा, आणि फुगवट्याला वाट मिळते. फिक्स्चरमध्ये ह्याच कामाला दुसरी पिन डायमंड आकाराची करतात, दोन अंगांनी कापलेली. बाबांनी पिन तशीच ठेवून भोक बदललं, कारण घरी डायमंड पिन उलटसुलट बसवली जाणार हे त्यांना ठाऊक असणार.

मिस्त्रींनी टीप दोनदा वाचली. मग म्हणाले, "साहेब सुतार होते काय?"

१९ जून, गुरुवार

तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला. रस्ते बंद, मिस्त्री येणार नाहीत. आई आणि मी दर्शनाला चालत गेलो. काम शून्य.

६ जुलै, रविवार

एकादशी. साबुदाण्याच्या वड्यांसाठी आईने बटाटे ओट्यावरच्या विळीवर चिरले, म्हणून ही नोंद. विळी-०१, १९९८. आईची कंबर धरली, खाली बसवेना, आणि सुरी तिच्या हाताला कधी रुचली नाही. बाबांनी विळीचं पातं ओट्याच्या कडेला पकडणाऱ्या बैठकीवर चढवलं. पकड एक्सेंट्रिक क्लॅम्पची : दांडी अर्धी फिरवली की घट्ट, उलटी फिरवली की मोकळी. जिगमध्ये माल पटकन चढवायला-उतरवायला जो वापरतात तोच. दांडी डावीकडे आहे, कारण उजवा हात चिरताना ओला असतो. सत्तावीस वर्षांत पातं बदललं, क्लॅम्प नाही.

आता कमान. चौथी शीट मिळत नाही, तेव्हा मूळ कमानीवरूनच माप काढायचं. आधी वाटलं फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणं काढायची पट्टी, लावून वळण काढलं असेल, तसं असलं तर आकड्यात पकडणं कठीण. कमान उलटी करून तिरपा टॉर्च मारला. मागच्या बाजूला प्लायवर कंपासच्या टोकाचे तीन बारीक टोचे आहेत. म्हणजे तीन केंद्रांची कमान. मधली मोठी त्रिज्या, दोन्ही कडांना लहान. तरी खात्रीसाठी वळणावर दोन-दोन जीवा घेऊन त्यांचे लंबदुभाजक काढले. छेद टोच्यांवर आले, एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा फरक. तो करवतीचा.

१३ जुलै, रविवार

एक घोळ निस्तरायचा होता. वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची चित्रं कागदावर मांडायच्या दोन पद्धती असतात. शीट एक ते तीन थर्ड अँगलमध्ये आहेत, १९९४ ला नव्याने काढलेल्या पाच ते सात फर्स्ट अँगलमध्ये. म्हणजे एकाच संचात 'उजवीकडून दिसणारं' चित्र कधी उजवीकडे, कधी डावीकडे. आपल्याकडे १९८८ च्या एसपी ४६ ह्या ड्रॉइंगच्या मानकापासून फर्स्ट अँगल हाच रिवाज ठरला, त्याआधीच्या कागदांवर दोन्ही सापडतात; बाबांनी नियम बदलल्यावर घरचं ड्रॉइंगही बदललं. कापलेल्या शंकूची खूण प्रत्येक शीटवर आहे, पण मिस्त्री शंकू कशाला बघतील? कॅडमध्ये सगळं फर्स्ट अँगलला आणलं आणि प्रत्यक्ष भागांवर मागून डावी, उजवी असं पेन्सिलीने लिहिलं.

लेकीला हे समजावताना बाबांची युक्ती वापरली. काडेपेटीची बाहेरची पेटी उलगडून सपाट केली, प्रत्येक बाजूवर तिला काय दिसतं ते काढायला लावलं. तिला कळलं. मला अकरावीत दोन दिवस लागले होते.

२७ जुलै, रविवार

आठ पिनांपैकी दोन हरवल्यात. भोसरीतल्या एका लेथवाल्याकडे गेले. पितळेची, आठ व्यासाची, लांबी ४५, टोकाला उतार. त्याने विचारलं, टॉलरन्स? म्हणजे मापात किती फरक चालेल. मी ड्रॉइंग पुढे केलं. गोल भोकात पितळी बुश, म्हणजे नळी, आहे, ती एच७, पिन जी६; ही मापाच्या मर्यादांची ठरलेली नावं. म्हणजे बुश ८.००० ते ८.०१५, पिन ७.९८६ ते ७.९९५.

"मखराला जी६?" तो हसायलाच लागला. शेजारच्या मशिनवाल्याला बोलावून दाखवलं. मग दोघांनी मिळून मायक्रोमीटर लावून केल्या. बुशमध्ये सोडली तर पिन आपल्या वजनाने सावकाश खाली जाते, खडखडत नाही. ह्या मापाची मखराला खरोखर गरज होती का? मला नाही वाटत. त्याहून सैल एच८ आणि एफ७ ठेवलं असतं तरी गणपती बसला असता. काही गोष्टी त्यांनी स्वतःच्या आनंदासाठी केल्या, ह्याचं मला बरंच वाटतं.

१० ऑगस्ट, रविवार

आईने आज अडवलं. उजवी बाजू तयार, रंग सुकतोय, सगळं छान, पण गणपती झाल्यावर हे ठेवणार कुठे? माळ्यावर आता कोण चढणार?

बरोबर आहे. ती अडुसष्ट वर्षांची, मी कोथरूडला. तिने जागाही ठरवून ठेवली होती : हॉलमधला दिवाण. आतून मोजला. मध्ये फळी आहे, प्रत्येक कप्पा ९१० बाय ९१०, खोली २४०. बाकीचे भाग जातात. पाठ जात नाही, ती १३०० उंच.

पाठ ६५० वर दुभागायची आणि मागून पियानो बिजागरी, म्हणजे सलग लांब बिजागरी, लावायची. उभी केल्यावर दुमडू नये म्हणून दोन पट्ट्या सरकत्या. दादाचं म्हणणं, चुंबक लाव. चुंबक नको, वरून छताचं वजन आहे, चुकून धक्का लागला तर पाठ मूर्तीवर येईल. फोनवर अर्धा तास वाद. शेवटी तो म्हणाला, "बाबांनी सरकपट्टीच लावली असती." हे आधी म्हणाला असता तर वीस मिनिटं वाचली असती.

दिव्यांची माळही बदलली. जुनी २३० व्होल्टची, वायरचं आवरण तडकलेलं. १२ व्होल्टची एलईडी पट्टी, अडॅप्टर मखराच्या बाहेर.

२४ ऑगस्ट, रविवार

ट्रायल जोडणी, हॉलमध्ये. मी हात लावला नाही. आईने एकटीने जोडायचं, मी बघायचं आणि लिहायचं.

चौरंग ठेवला. तीन पाय पक्के, चौथा स्क्रूचा. फरशी तिथे थोडी उतरती आहे, तिने तो फिरवून डुगडुग काढली. डावी बाजू खाचेत बसली. नवी उजवी बाजू बसताना अडखळली, रंगाचा थर खाचेत साचलाय. पॉलिश पेपर. मग बसली. पाठ उलगडताना बिजागरीजवळ बोट चिमटण्यासारखी जागा आहे, आईने स्वतःच दाखवली. तिथे कोपरा घासला आणि ड्रॉइंगमध्ये टाकला, आजच. कमान आणि छत तिला खुर्चीवर न चढता पोचतात.

संध्याकाळी कॅडमधून शीट छापून आणली आणि सह्यांना बसलो. रेव्हिजन एफ, २०२५. बदल : पाठ दुभागली, उजवी बाजू नवी, दिवे १२ व्होल्ट. कारण ह्या रकान्यात मी लिहिलं होतं : 'माळ्यावर चढायला कोणी नाही.'

आईने चष्मा लावून वाचलं आणि कागद परत केला. "हे असलं काय लिहितेस? दिवाणात जागा आहे, असं लिही."

बदललं. 'दिवाणात जागा आहे.' मग तिने 'तपासले'मध्ये सही केली. 'मंजूर' लेकीने. अकरा वर्षांची झाली, आता मोर काढत नाही, सहीचा सराव करते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. मखर रात्री नऊला उभं. फिटरकाका मूर्ती यायच्या आधी बघायला आले. पिन काढून पुन्हा बुशमध्ये सोडली, खाली जाताना कान लावून ऐकली, काही बोलले नाहीत. मग कठडा मागितला. कठड्याची आता घरात गरज कोणाला, असं मी म्हटलं तर म्हणाले, "दादाचा मुलगा येणार ना डिसेंबरात? कठडा जागेवर बसतो का ते बघून ठेव." बसतो.

७ सप्टेंबर, रविवार

गौरींबरोबर २ तारखेला विसर्जन झालं. आज मखर सोडवून, पुसून, दिवाणात. पाठ दुमडून बरोबर बसते. मात्र बिजागरीच्या स्क्रूंची डोकी वर राहिलीत, शेजारच्या भागाच्या रंगावर ओरखडे येतात. काउंटरसिंक करून, म्हणजे डोकी आत बसतील असे, घ्यायला हवेत, तोवर मध्ये जुनी चादर घातली आहे. सुटी पिन एक बुशमध्येच राहून गेली होती, ती काढून पिशवीत टाकली. पिशव्यांवर पार्ट नंबर लिहिले.

मूळ ट्रेसिंग पुन्हा पाइपमध्ये, पण कपाटावर नाही, आत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग व्हायचंय. स्कॅनच्या प्रती दादाकडे आणि माझ्याकडे.

बाकी : कमानीची शीट चार, तिन्ही त्रिज्यांसकट. विळी-०१ आणि पाळणा कॅडमध्ये घ्यायचे. शेजारच्या दोघांनी एफ मागितलंय, त्यांना आधी मूर्तीचं माप विचारायचं.